निशाणी एकोणीस

कसबा बावड्याच्या कोर्टात
माझं काम ऐकण्याचं नाही, उतरून घेण्याचं.
बावीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं
बोटांतून गेली, बोटं कोरडी राहिली.

निशाणी एकोणीस: वही, दोनशे पानी, आखीव.
आरोपी धैर्यशील चौगले, वय चोवीस,
रोज गंगावेशीत उभा राहून
केएमटीच्या गाड्या लिहायचा.
नंबर, वेळ, किती उशीर.
रकान्यांच्या रेघा पट्टीनं मारलेल्या.

पोरांनी वही पळवली, चेष्टेत.
दस्तगीर मुजावर चहाची किटली खाली ठेवून
मागं धावले, घेऊन आले.
"घे बाळा," म्हणाले, आणि खांद्यावर हात ठेवला.
एवढंच. हात.
ज्याला शर्टाची शिवण सोसत नाही
त्याच्या खांद्यावर.
मग धक्का. मग फुटपाथची कड.

वहीत त्या संध्याकाळी
पाच बेचाळीसची नोंद आहे.
खाली, त्याच अक्षरात,
पाच एक्कावन्न, उशीर तीन मिनिटं.
मधल्या नऊ मिनिटांत
दूधकट्ट्यासमोर एक माणूस निपचित होता.
सरकारी वकिलांनी ते पान
साहेबांपुढं उघडून धरलं:
"हाच पुरावा, काळीज नसल्याचा."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
"घाबरला की तो मोजतो."
बरं-वाईट कळतं का त्याला?
"कळतं. उशिरा कळतं."
जसंच्या तसं घेऊ का, मी विचारलं.
साहेब म्हणाले, घ्या.

कायद्याला दोन खोल्या ठाऊक,
शहाण्याची एक, वेड्याची एक.
हा मधल्या उंबऱ्यावर बसलेला,
आणि उंबऱ्यावर बसू नये, म्हणतात.

दोषी ठरल्यावर, शिक्षेआधी, विचारावं लागतं.
साहेबांनी विचारलं: काही सांगायचंय?
तो वर बघत होता.
"उजवीकडचा पंखा अडकतोय. सातव्या फेरीला."
मागं कुणीतरी हसलं.
साहेबांनी सांगितलं, मी उतरवलं:
आरोपीच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप दिसून येत नाही.
मग थांबले.
म्हणाले, "चेहऱ्यावर" एवढं राहू द्या.
पुढं जागा सोडा.

मुजावरांची रझिया उभी राहिली, कुणी न बोलावता.
"साहेब, माझ्या माणसाचा हात ह्याला सोसला न्हाई.
मला त्यो अजून पायजे.
ह्याला किती वर्सं घालायची ती तुमी बघा,
मला हिशेब येत न्हाई."
हे नोंदीत घेता येत नव्हतं.
इथं घेतलं.

जेवणाच्या सुट्टीनंतर आदेश.
परिच्छेद अठरा: जन्मापासूनची ही अवस्था
माफी नव्हे, पण माप आहे.
खोडा, म्हणाले. पुन्हा म्हणाले, राहू दे.
सात मागितली होती, तीन दिली.
भोगलेली वजा.
मुद्देमालाची वही अपिलाची मुदत संपल्यावर
नष्ट करावी.

त्याची आई शिरोलीच्या फाउंड्रीत कोअर बनवते,
नखांत काळी वाळू.
जिन्यात गाठून मला म्हणाली,
"ताई, कळंब्याला आत गाड्या ऐकू येत्यात का वो?"
दुसरं काहीही विचारलं असतं
तर बावीस वर्षांत साठलेलं एखादं उत्तर होतं.

त्या संध्याकाळी मी माझ्या स्टॉपला उतरले नाही.
कळंब्याच्या भिंतीशी उभी राहिले.
एक गाडी वळली, गिअर करकरला, हॉर्न वाजला.
भिंत उंच आहे.
वरून जात असावा आवाज.
घड्याळ बघितलं: सहा वाजून सात.
कुठं लिहायचं ते कळेना.